बचत ठरते काढलेल्या पंख्यावर

वर्षाला १५,००० किलोमीटर चालणाऱ्या डिझेल गाडीत इंजिनला कायमचा जोडलेला पंखा काढून विजेचा पंखा बसवला, तर सुमारे ७.५ टक्के इंधन वाचते. तीच गाडी, तोच विजेचा पंखा आणि तेवढेच किलोमीटर, पण काढलेला पंखा व्हिस्कस क्लचचा असेल तर बचत ०.६ टक्क्यावर येते. रुपयांत हा फरक वर्षाला ८,४०० आणि ६४० असा आहे. पंखा, रिले, वायरिंग आणि मजुरी मिळून १२,००० रुपये खर्च धरला, तर पहिल्या मालकाचे पैसे १७ महिन्यांत सुटतात, दुसऱ्याचे १९ वर्षांत. तरीही गॅरेजमध्ये दोघांना एकच उत्तर मिळते: ‘अ‍ॅव्हरेज वाढेल.’

हे आकडे हिशेबाचे आहेत, मोजणीचे नाहीत; म्हणून गृहीतके आधी मांडतो. गाडी लिटरला १२ किलोमीटर जाते, म्हणजे वर्षाला १,२५० लिटर डिझेल लागते. लिटरला ९० रुपये धरल्यास खर्च १ लाख १२ हजार ५०० रुपये. सरासरी वेग ताशी ४०, म्हणून इंजिन वर्षाला ३७५ तास चालते. त्यातला पाव वेळ ते मिनिटाला ८०० फेऱ्यांवर, अर्धा वेळ २,००० वर आणि पाव वेळ २,८०० वर असते. मिनिटाला १,००० फेऱ्यांवर पंखा १०० वॅट खातो. लिटरभर डिझेलमध्ये सुमारे १० युनिट ऊर्जा असते. जादा भार ओढताना इंजिन तिचा ३५ टक्के भाग कामी लावते, म्हणजे लिटरमागे साडेतीन युनिट. यातला एखादा आकडा आपल्या गाडीला लागू नसेल तर बदलून पाहावा. रुपये बदलतील, पण दोन मालकांमधले अंतर सहजी मिटणार नाही.

पंख्याचा वेग दुप्पट झाला की हवा दुप्पट मिळते, पण लागणारी शक्ती आठपट होते. वेग तिप्पट झाला तर हवा तिप्पट आणि शक्ती २७ पट. शक्ती वेगाच्या घनाने वाढते. म्हणून १,००० फेऱ्यांना १०० वॅट खाणारा पंखा २,००० ला ८०० वॅट आणि २,८०० ला सुमारे २,२०० वॅट खातो. ४,००० ला तो ६,४०० वॅटवर, म्हणजे ८.७ अश्वशक्तीवर पोहोचतो. पंखा काढल्यावर ‘आठ-नऊ घोडे मोकळे झाले’ हा दावा या टोकाला खरा असतो. रोजच्या २,००० फेऱ्यांना मोकळा होतो तो जेमतेम एक.

इथे सरासरी फसवते. वरच्या वेळापत्रकात इंजिनची सरासरी गती १,९०० फेऱ्या आहे आणि १,९०० चा घन करून पंख्याचा भार ६८६ वॅट निघतो. प्रत्येक गतीचा भार वेगळा काढून त्यांची सरासरी घेतली तर मात्र ९६२ वॅट येतात, म्हणजे ४० टक्के जास्त. गाडी जोरात चालते तो पाव वेळच एकूण भाराच्या ५७ टक्के खातो, आणि नेमक्या त्याच वेळी समोरून येणारा वारा रेडिएटरचे काम करत असतो. ९६२ वॅट गुणिले ३७५ तास म्हणजे ३६१ युनिट, म्हणजे १०३ लिटर डिझेल. कायम जोडलेल्या पंख्याचे हे वर्षाचे बिल ९,३०० रुपयांच्या घरात जाते.

व्हिस्कस क्लचमध्ये पुली आणि पंखा यांच्यामध्ये सिलिकॉन तेल असते आणि पुढच्या बाजूला दोन धातूंची पट्टी. रेडिएटरमधून येणारी हवा तापली की पट्टी वळते, तेल कामाच्या जागी येते आणि पंखा जोडला जातो. एरवी तो घसरत, इंजिनच्या साधारण ३० टक्के गतीने फिरतो. ०.३ चा घन २.७ टक्के होतो, पण इंजिनवरचा भार २.७ टक्के नसून ९ टक्के असतो. कारण इंजिन आपल्या गतीने तोच पीळ ओढत राहते, २.७ टक्के हवेला मिळतात आणि उरलेले ६.३ टक्के तेल तापवण्यात जातात. वर्षातला १० टक्के वेळ क्लच जोडलेला आणि तेव्हा पंख्याची गती इंजिनच्या ९० टक्के धरली, तर सरासरी भार १५६ वॅट येतो. डिझेल १६.७ लिटर, रुपये १,५००. म्हणजे कायम जोडलेल्या पंख्याच्या बिलातला ८४ टक्के भाग या क्लचने आधीच वाचवलेला असतो.

विजेचा पंखाही फुकट फिरत नाही. १३.५ व्होल्टवर २० अँपिअर म्हणजे २७० वॅट. अल्टरनेटरची कार्यक्षमता ६० टक्के धरली तर इंजिनवर ४५० वॅट पडतात. पंखा एकूण वेळेच्या २० टक्के चालला तर सरासरी ९० वॅट, वर्षाला ९.६ लिटर, ८७० रुपये. १०३ मधून ९.६ गेले की ९३ लिटर वाचतात, १६.७ मधून गेले की ७.

शहरात हिशेब उलटतो. ताशी २० किलोमीटरच्या सरासरीने त्याच १५,००० किलोमीटरना ७५० तास लागतात. यातला ६० टक्के वेळ इंजिन ८०० फेऱ्यांवर, ३० टक्के १,८०० वर आणि १० टक्के २,५०० वर धरू. कायम जोडलेल्या पंख्याचा सरासरी भार आता ३६२ वॅटवर येतो. व्हिस्कस पंखा ३० टक्के वेळ जोडलेला धरला तरी १११ वॅट. विजेचा पंखा, एसीमुळे निम्मा वेळ चालणारा, २२५ वॅट. व्हिस्कस काढून विजेचा पंखा बसवणारा शहरी मालक म्हणजे वर्षाला २४.५ लिटर, अर्थात २,२०० रुपयांचे डिझेल जास्त जाळतो. त्या पैशांत त्याला मिळते ती सिग्नलवरची हवा. इंजिनवरचा पंखा पूर्ण जोडलेला असला तरी ८०० फेऱ्यांवर तो २,५०० फेऱ्यांच्या हवेच्या फक्त ३२ टक्के हवा ओढतो; विजेच्या पंख्याला इंजिनच्या गतीशी देणेघेणे नसते. वाहतुकीत एसी थंड राहावा हे कारण खरे आहे आणि पुरेसेही आहे. डिझेल वाचवण्याचे कारण या मालकाला लागू नाही.

गेल्या वर्षीचा अ‍ॅव्हरेज आणि या वर्षीचा अ‍ॅव्हरेज शेजारी ठेवून अर्धा टक्का सिद्धही होत नाही. ४५ लिटरच्या टाकीत पंपाचे नोझल अर्धा लिटर आधी बंद झाले तरी १.१ टक्क्याची चूक येते. टायरची हवा, एसीचे दिवस, मार्ग हे वेगळेच. ज्यांना व्हिस्कस काढल्यावर सहा-सात टक्के फरक दिसला, त्यांचा जुना क्लच अडकलेला असण्याची शक्यता मोठी आहे. अडकलेला क्लच म्हणजे व्यवहारात कायम जोडलेला पंखा. तो वर्षाला ८६ लिटर, ७,८०० रुपये जास्त खातो. त्यावर इलाज नवा क्लच हाही आहे.

विजेचा पंखा गाड्यांत आला तो मुख्यतः इंधनाच्या हिशेबाने नव्हे, जागेच्या हिशेबाने. १,४८९ सीसीच्या अ‍ॅम्बेसेडरमध्ये इंजिन लांबीत बसवलेले होते आणि पंखा पाण्याच्या पंपाच्या पुलीवर, थेट रेडिएटरमागे. १९५९ च्या ब्रिटिश मिनीत इंजिन आडवे झाले, तेव्हा पंखा बेल्टवरच ठेवण्यासाठी रेडिएटरच चाकाच्या बाजूला सरकवावा लागला. डिसेंबर १९८३ मध्ये आलेल्या ७९६ सीसीच्या मारुती ८०० मध्ये इंजिन आडवे आणि रेडिएटर पुढे होता. बेल्ट तिथे पोहोचत नाही, वायर पोहोचते. इंजिन लांबीत असलेल्या गाड्यांवर ही सक्ती नव्हती. २००५ मध्ये भारतात आलेल्या इनोव्हाच्या २,४९४ सीसी डिझेलवर टोयोटाने व्हिस्कस पंखाच ठेवला.

तो का ठेवावासा वाटतो, हे घाटात कळते. मे महिना, हवा ४० अंश, वजन २,४०० किलो, चढ १५ ला १, वेग ताशी ३०. नुसते वर चढायला १३.१ किलोवॅट, टायरच्या घर्षणाला २.६, वाऱ्याला ०.३ आणि एसीला ३, असे १९ किलोवॅट लागतात. कुलंटमध्ये साधारण तेवढीच उष्णता उतरते. १८ किलोवॅट धरू. ती बाहेर नेताना हवा ३० अंशांनी तापू द्यायची असेल, तर मिनिटाला १,१३० घनफूट हवा लागते. एसीचा कंडेन्सर रेडिएटरच्या पुढे असतो. त्याने सात किलोवॅट आधीच सोडलेले असल्याने हवा रेडिएटरला भेटते तीच ५२ अंशांवर आणि बाहेर पडते ८२ वर. कुलंट ९५ अंशांवर आहे. उरलेला फरक १३ अंश.

पंख्याच्या खोक्यावर १,६०० घनफूट लिहिलेले असले तर १,१३० सोपे वाटतात. तो आकडा सहसा मोकळ्या हवेचा असतो. पुढे कंडेन्सर आणि रेडिएटरच्या जाळ्या आल्या की हवा बरीच घटते. किती, ते दाबाच्या आलेखावर कळते, खोक्यावर नाही. त्यात १४ इंची पंख्याचे वर्तुळ ०.०९९ चौरस मीटर भरते आणि ५५ बाय ४२ सेंटिमीटरचा रेडिएटर ०.२३१. आवरण न लावता पंखा थेट जाळीवर बांधला, तर तो रेडिएटरच्या ४३ टक्के भागातूनच हवा ओढतो. उलट याच घाटात इंजिन २,६०० फेऱ्यांवर असताना जोडलेला व्हिस्कस पंखा, ९० टक्के गतीने, सुमारे १,२८० वॅटने हवा ओढत असतो. विजेच्या पंख्याच्या २७० वॅटच्या तुलनेत हे पावणेपाचपट आहे. घाटात भार ओढणाऱ्या गाडीचा व्हिस्कस पंखा काढू नये, असे माझे मत या एका आकड्यावर बनले आहे.

विजेची बाजूही मोजावी लागते. जुन्या जीपमध्ये ४५ अँपिअरचा अल्टरनेटर असेल तर आयडलिंगला तो निम्मा, २२ ते २५ अँपिअर देतो. पावसाळी रात्री हेडलाइट ९, ब्लोअर १२, वायपर ५, मागचे दिवे आणि इतर ४ आणि नवा पंखा २० मिळून ५० होतात. तूट २५ अँपिअरची. ५० अँपिअर-तासांची बॅटरी अर्ध्या तासाच्या कोंडीत पाव उतरते.

वायरही हवा कमी करते. जाऊन-येऊन चार मीटरची दीड चौरस मिलिमीटर वायर २० अँपिअरला ०.९३ व्होल्ट खाते, म्हणजे पुरवठ्याच्या सात टक्के. मोटरची गती आणि तिच्यासोबत हवा जवळपास त्याच प्रमाणात घटते. चार चौरस मिलिमीटरची वायर ०.३५ व्होल्टच खाते. ४० अँपिअरचा रिले आणि ३० चा फ्यूज जवळजवळ सगळे लावतात. वायरीत मात्र काटकसर होते.

बेल्टवरचा पंखा बंद पडतो तेव्हा सहसा बेल्ट तुटलेला असतो. अनेक गाड्यांत त्याच्याबरोबर चार्जिंगचा दिवाही पेटतो. विजेच्या पंख्याचा फ्यूज उडाला तर कोणताच दिवा पेटत नाही. वरच्याच घाटात पंखा थांबला आणि सहा किलोवॅट उष्णता आत साठू लागली, असे धरू. आठ लिटर कुलंट आणि दीडशे किलो लोखंड मिळून एक अंश तापायला १६ सेकंद लागतात. ९५ वरून ११५ अंशांवर जायला साडेपाच मिनिटेही लागत नाहीत. ०.९ बारच्या झाकणाखाली साधे पाणी ११९ अंशांना उकळते. निम्मे ग्लायकॉल असेल तर आणखी काही अंश मिळतात. पंख्याच्या मोटरपर्यंत वीज पोहोचली की पेटणारा दिवा डॅशबोर्डवर हवा. तापमानाचा काटा चढला आणि तो दिवा बंद दिसला, तर एसी बंद करून गाडी बाजूला घ्यायला तेवढी मिनिटे पुरतात.