डायलवरचा आकडा

कामशेतहून नाणे मावळाच्या दिशेला वळलं की कुंडलिकेचं खोरं लागतं. वडिवळ्याचं धरण याच नदीवर. धरणातून सुटलेलं पाणी पुढे इंद्रायणीला मिळतं आणि वाटेत नदीकाठच्या मोटारी ते उचलून वर शेतात नेतात. मोटार काठाला, स्टार्टर वर पत्र्याच्या पेटीत. हिरवं बटण, लाल बटण. स्टार्टरचं झाकण काढलं की आत एक चिमुकला डायल दिसतो. मधोमध स्क्रू ड्रायव्हरचं टोक बसेल एवढी खाच, भोवती बारीक आकडे: ६, ७, ८, ९, १०. मोटार जगणार की जळणार, हे बरंचसं या खाचेवर ठरतं.

या भागाला ओव्हरलोड रिले म्हणतात. त्याच्या पोटात तीन फेजसाठी तीन पट्ट्या असतात. प्रत्येक पट्टी दोन वेगळ्या धातूंची, एकावर एक चिकटवलेली. विजेच्या प्रवाहाने ती तापते, दोन्ही धातू कमीजास्त प्रसरण पावतात आणि पट्टी वाकते. ठरल्यापेक्षा जास्त वाकली की खटका ढकलते, मोटार बंद. यात वेळेचं गणित मोठ्या हुशारीने बसवलेलं आहे. पाच हॉर्सपॉवरची मोटार ४१५ व्होल्टवर साधारण साडेसात अँपिअर घेते, पण सुरू होताना दोन-तीन सेकंद त्याच्या सहा-सात पट ओढते. तेवढ्यात पट्टी पुरेशी तापत नाही, म्हणून रिले ते सोसतो. उलट, प्रवाह नेहमीपेक्षा फक्त वीस टक्के जास्त असला आणि तसाच राहिला, तर मानकाप्रमाणे दोन तासांच्या आत रिलेने पडायलाच हवं.

मग बिघडतं कुठे? व्होल्टेजवर.

वाहिनीच्या शेवटच्या टोकाला, सगळ्यांच्या मोटारी एकदम चालू असताना, व्होल्टेज ३५० पर्यंत उतरतं. पंपाला पाणी तेवढंच चढवायचं असतं, म्हणून मोटार तूट भरून काढायला जास्त प्रवाह ओढते. साडेसातचे नऊ होतात. रिले पडतो. शेतकरी रात्री बॅटरी घेऊन उतरतो, रिसेट दाबतो, घरी पोचेपर्यंत रिले पुन्हा पडलेला. तिसऱ्या खेपेला तो डायल दहावर फिरवतो. मोटार चालते, भिजवण होते. त्या माणसाला दोष देणं सोपं आहे आणि अन्यायाचं आहे. पाणी पाळीनं मिळतं, वीजही पाळीनं मिळते, आणि पीक दोघांसाठी थांबत नाही.

पण त्या दिवसापासून मोटारीवर राखण कुणाचीच नसते. वाइंडिंगच्या तारेवरचं इन्सुलेशन ठरलेल्या मर्यादेपेक्षा दहा अंश जास्त तापत राहिलं तर त्याचं आयुष्य साधारण निम्म्यावर येतं, हा मोटारवाल्यांचा जुना ठोकताळा. जळालेली मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात उघडली की कारागीर कॉइलकडे बघूनच कारण सांगतो. सगळी वाइंडिंग सारखी काळी पडली असेल, तर ओव्हरलोड. स्टार जोडणीच्या मोटारीत दोन फेजच्या कॉइल करपून तिसरीच्या तांबूस-स्वच्छ राहिल्या असतील, तर एक फेज गेला होता आणि मोटार दोनवर घुमत राहिली. डेल्टा जोडणीत याच्या उलट: एकाच फेजची कॉइल काळी, बाकी दोन शाबूत. जळका वास आणि ही काळी-तांबडी नक्षी, यापेक्षा स्पष्ट पंचनामा नाही.

डायल फिरवण्याआधी आणखी दोन गोष्टी बघाव्या लागतात, आणि त्या हमखास राहतात. भातगिरणीसारख्या ठिकाणी स्टार-डेल्टा स्टार्टर असतो. त्यात रिले बहुधा वाइंडिंगच्या फेजमध्ये बसतो, तेव्हा मोटारीच्या पाटीवरच्या प्रवाहाच्या ०.५८ पट आकडा लावायचा. पूर्ण आकडा लावला तर संरक्षण नावालाच उरतं. दुसरं, कपॅसिटर मोटारीच्या टोकांशी जोडला असेल तर रिलेतून जाणारा प्रवाह घटतो, म्हणून सेटिंगही खाली आणावं लागतं. आणि हा रिले शॉर्टसर्किटसाठी नाही. ते काम फ्यूजचं किंवा ब्रेकरचं. डीपीवर फ्यूजच्या जागी जाड तार गुंडाळली की तीही राखण संपली.

लोणावळ्याच्या बंगल्यांतही गोष्ट तीच, फक्त पाण्याऐवजी एसी आणि गीझर. १६ अँपिअरचा एमसीबी सारखा पडतो म्हणून ३२ चा बसवला जातो, भिंतीतली वायर मात्र अडीच चौरस मिलिमीटरचीच राहते. ३२ चा एमसीबी ३६ अँपिअरला तासभर पडत नाही, आणि पडू नये असंच मानक सांगतं. तोवर भिंतीत काय तापतंय ते कुणाला दिसत नाही. एमसीबीचा आकडा वायरीवरून ठरतो, घरातल्या उपकरणांवरून नव्हे.

उपकेंद्रात हाच प्रश्न मोठ्या मापात येतो. तिथे अनेक वर्षं चकतीचे रिले होते: जुन्या वीजमीटरसारखी ॲल्युमिनियमची चकती प्रवाह वाढला की फिरू लागायची आणि ठरावीक कोन फिरली की ब्रेकर पाडायची. आता त्या जागी अंकीय रिले येत आहेत, पण गणित तेच. सेटिंगच्या दहा पट प्रवाह आला आणि वेळेचा गुणक ०.१ असला, तर रिले सुमारे ०.३ सेकंदात काम करतो; ०.२ असला तर ०.६ सेकंदात. खालच्या वाहिनीला पहिला गुणक, वरच्या ब्रेकरला दुसरा. पावसात झाडाची फांदी एका गावाच्या तारांवर पडली तर खालच्या ब्रेकरला ०.३ सेकंदाची आघाडी मिळते आणि तेवढंच गाव अंधारात जातं. कुणी खालचा गुणक वाढवून ठेवला, तर अख्खं खोरं जातं.

डोंगराच्या घाटाकडच्या अंगाला या गणिताची सगळ्यात अवघड परीक्षा झाली. लोणावळ्याच्या वळवण तलावाचं पाणी खोपोलीला उतरवून टाटांनी १९१५ पासून मुंबईच्या गिरण्यांना वीज दिली. पुढच्या दशकांत आगगाड्याही विजेवर आल्या. १ जून १९३० रोजी डेक्कन क्वीन धावू लागली ती १५०० व्होल्टच्या डीसीवर. बोरघाटात ३७ फुटांना एक फूट चढ. पुढे इंजिन, मागून ढकलायला बँकर, सगळी एकदम शेकड्यांनी अँपिअर ओढणार. आणि दूरवर तार तुटून रुळाला लागली, तर तारेच्या नि रुळाच्या रोधामुळे तो प्रवाह कधी कधी गाडीच्या प्रवाहाएवढाच भरणार. आकडा खाली ठेवला तर गाडी घाटात थांबते, वर ठेवला तर शॉर्टसर्किट सुटून जातं. अशा डीसी मार्गांवर तोड निघाली ती प्रवाह किती यावर न थांबता तो किती झपाट्याने वाढतो हे बघण्याची. चालक एकेक नॉच घेतो तसा इंजिनाचा प्रवाह पायरीपायरीने चढतो. शॉर्टसर्किटचा एकदम उसळतो.

जुनं सेटिंग तसंच राहिल्याची किंमत जगाने ९ नोव्हेंबर १९६५ च्या संध्याकाळी मोजली. कॅनडातल्या नायगाराजवळच्या सर ॲडम बेक वीजकेंद्रात एका वाहिनीचा रिले १९६३ मध्ये ३७५ मेगावॉटवर लावला होता. दोन वर्षांत भार वाढत गेला. आकडा कुणी पुन्हा तपासला नाही. त्या दिवशी भार किंचित पुढे सरकला, रिलेने सांगितलेलं काम चोख केलं, वाहिनी पडली, तिचा भार शेजारच्या वाहिन्यांवर गेला आणि त्याही पडल्या. न्यूयॉर्कसह तीन कोटींच्या आसपास माणसं अंधारात गेली. तिथे आकडा कमी राहिला होता, नदीकाठच्या पेटीत तो जास्त असतो. चूक एकच: भार बदलला, आकडा तिथेच.

एका गोष्टीला मात्र ओव्हरकरंटचा कुठलाच आकडा पुरत नाही. तुटलेली तार कोरड्या मुरमावर किंवा कातळावर पडली तर प्रवाह इतका थोडा जातो की ब्रेकरला तो भार वाटतो. अशी तार जिवंत असू शकते. ब्रेकर पडला असेल असं समजून तिच्या जवळ कुणीही जाऊ नये. लांब उभं राहून लोकांना थोपवावं आणि वीज कार्यालयाला कळवावं.

दिवाळी झाली की रब्बीची भिजवण सुरू होईल. त्याआधी मेन बंद करून, जाणत्या वायरमनला बोलावून स्टार्टरचं झाकण एकदा उघडा. मोटारीच्या पाटीवरचा अँपिअरचा आकडा वाचा, डायल तिथे (स्टार-डेल्टा किंवा कपॅसिटर असेल तर वर सांगितल्याप्रमाणे त्याखाली) आणा आणि तारखेसह तो आकडा झाकणाच्या आतल्या बाजूला रंगाने लिहून ठेवा. त्यावरही रिले पडत असेल तर डायलला हात लावू नका. व्होल्टेज मोजून घ्या आणि त्या आकड्यासह लेखी तक्रार करा.