शाळेची जागा आणि ग्रामस्थांचा विरोध

शाळेची इमारत मोडकळीस आली म्हणजे ती पाडता येते व पुन्हा उभारता येते. जागेचे तसे नाही. गावठाणाच्या मध्यावर असलेली वीस-पंचवीस गुंठे जागा एकदा हातची गेली, तर आजच्या भावाने तेवढी जागा विकत घेणे कोणत्याही जिल्हा परिषदेस परवडणारे नाही. म्हणूनच शाळेच्या आवाराचा काही भाग अन्य कामासाठी द्यावयाचा आहे अशी वार्ता गावात आली की, एरवी पालकसभेस दहा वेळा निरोप धाडूनही न येणारी मंडळी चावडीवर जमतात. असा विरोध झाला म्हणजे मुख्याध्यापकाची मोठी अडचण होते. तो एका बाजूने परिषदेचा सेवक असतो आणि दुसऱ्या बाजूने गावच्या मुलांचा पालक. या प्रसंगी त्याला वस्तुस्थितीची माहिती तरी नीट असावी, एवढ्यासाठी हा लेख आहे.

प्रथम, ही जागा आली कोठून हे पाहू. आपल्या प्राथमिक शाळा आरंभापासून जिल्हा परिषदेच्या नव्हत्या. जुन्या मुंबई इलाख्यात १९२३ च्या कायद्याने प्राथमिक शिक्षण स्थानिक मंडळांकडे आले. पुढे १९४७ चा मुंबई प्राथमिक शिक्षण अधिनियम झाला व कारभार जिल्हा स्कूल बोर्डांकडे राहिला. विदर्भात १९४८ पासून जनपद सभा होत्या, तर मराठवाड्याचे जुने महसुली दप्तर उर्दूत आहे. १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या व या सर्व शाळा त्यांच्या स्वाधीन झाल्या. शाळा स्वाधीन झाल्या, पण कागद सर्वत्र बदलले असे झाले नाही. आजही सातबारा काढला तर कोठे ‘स्कूल बोर्ड’, कोठे ‘लोकल बोर्ड’, कोठे ‘सरकार’, आणि पुष्कळ ठिकाणी ज्या सद्गृहस्थाने जागा दिली त्याचेच किंवा त्याच्या नातवाचे नाव आढळते.

या शेवटच्या प्रकाराकडे विशेष लक्ष द्यावयास हवे. त्या पिढीतील दात्यांनी जागा दिली ती बहुधा तोंडी. पारावर चार माणसांसमक्ष ‘एवढी पट्टी शाळेला’ असे म्हणावे, दुसऱ्या दिवशी गावकऱ्यांनी दगड वाहावेत, आणि पावसाळ्यापूर्वी छप्पर चढावे, अशी ती रीत होती. तीत कोणाचा अप्रामाणिकपणा नव्हता. परंतु १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या कलम १२३ प्रमाणे स्थावर मिळकतीचे दानपत्र नोंदणीकृत असावे लागते, त्यावर दात्याची सही व किमान दोन साक्षीदार लागतात. तोंडी दान समाजाच्या दृष्टीने कितीही पवित्र असले तरी दप्तराच्या दृष्टीने ते अपुरेच. दाता हयात असेतो प्रश्न उद्भवत नाही. रस्ता रुंद होऊन जागेला भाव आला म्हणजे तो उद्भवतो.

दुसरा प्रकार सरकारी जमिनीचा, म्हणजे गायरानातून किंवा पडीतून शाळेसाठी राखून दिलेल्या जागेचा. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम २२ खाली सार्वजनिक कारणासाठी नेमून दिलेली जमीन जिल्हाधिकाऱ्यांच्या मंजुरीवाचून दुसऱ्या कामी लावता येत नाही. गावगाड्यात याचा अनेकांस विसर पडतो. सरपंच आणि मुख्याध्यापक यांचे आपसांत पटले म्हणजे जागा देता येते, अशी समजूत आजही पुष्कळ ठिकाणी दृढ आहे.

आता जागा जाते कशी? एकाएकी सबंध जागा क्वचितच जाते. आधी कोपऱ्यात पाण्याची टाकी येते. तिला कोण नाही म्हणणार? मग समाजमंदिर, मग व्यायामशाळा, मग रस्त्याच्या बाजूने व्यापारी गाळे. प्रत्येक काम लोकोपयोगीच असते आणि प्रत्येक वेळी ‘मैदान तर शिल्लक आहे ना’ असे उत्तर मिळते. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ याच्या अनुसूचीत शाळेस क्रीडांगण व कुंपण असलेच पाहिजे असे म्हटले आहे. मात्र क्रीडांगण किती मोठे असावे, हे त्या अनुसूचीत नाही. म्हणून मुले जेमतेम रांगेत उभी राहतील एवढा तुकडा उरला तरी कागदोपत्री क्रीडांगण शाबूत राहते.

परिषदेची बाजूही ऐकून घेतली पाहिजे. तिचे स्वतःचे उत्पन्न तुटपुंजे असते. गाळ्यांचे भाडे येते त्यातूनच एखाद्या दूरच्या वाडीवरील शाळेचे छप्पर दुरुस्त होते. पट कमी झाल्याने बंद पडलेल्या शाळेच्या आवारात बाभळी माजतात, तेव्हा ती जागा तशीच का ठेवावी, हा प्रश्नही गैर नव्हे. शिवाय विरोध करणारा प्रत्येक जण मुलांच्या कळवळ्यानेच बोलतो असेही समजू नये. शाळेच्या मैदानावर वर्षानुवर्षे खळे करणारा, किंवा गाळा आपल्याला मिळणार नाही म्हणून रागावलेला, तोही त्याच मोर्चात असतो. तथापि विरोध करणाऱ्याचा हेतू संमिश्र असला म्हणून विरोधाचे कारण खोटे ठरत नाही. बंद शाळेच्या बाबतीतही, आज पट नाही म्हणून पंधरा वर्षांनी नसेलच असे कोणी सांगावे? गावाबाहेर नवी वस्ती झाली म्हणजे परिसरात शाळा देण्याचे कर्तव्य कायद्याने पुन्हा अंगावर येते, आणि तेव्हा जागा शोधीत हिंडावे लागते. भाडेपट्टा आणि विक्री यांत येथे मोठे अंतर आहे. मुदतीचा पट्टा निदान संपतो तरी.

अशा तंट्यांत न्यायालयाची दृष्टी काय आहे, हे हरियाणातील एका गावच्या प्रकरणावरून कळते. तेथे शाळेच्या क्रीडांगणासाठी राखलेल्या जागेवर काही रहिवाशांनी घरे बांधली होती. उच्च न्यायालयाने बाजारभावाने किंमत घेऊन ते बांधकाम कायम करण्याचा मार्ग दाखविला. मार्च २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला. क्रीडांगणाशिवाय शाळा असू शकत नाही, आणि अशा शाळेतील मुलांनाही चांगल्या वातावरणाचा हक्क आहे, असे न्यायालयाचे म्हणणे पडले. अतिक्रमण करणाऱ्यांस जागा सोडण्यास बारा महिन्यांची मुदत देण्यात आली. पैसे घेऊन मैदानाची भरपाई होत नाही, हा या निर्णयाचा आपल्या दृष्टीने गाभा होय.

लोकांच्या विरोधाने काय साधते आणि काय साधत नाही, हे पाहण्यास केरळातील कोझिकोड शहरातील मलापरंब येथील प्राथमिक शाळेचे उदाहरण फार बोलके आहे. ही जिल्हा परिषदेची शाळा नव्हे. खाजगी व्यवस्थापनाची, सरकारी अनुदानावर चालणारी, शंभर वर्षांहून जुनी शाळा होती. पट घटला होता, जागेचा भाव चढला होता. केरळच्या १९५८ च्या शिक्षण कायद्यात एक वर्षाची पूर्वसूचना देऊन व्यवस्थापकास शाळा बंद करता येते, आणि त्याच तरतुदीचा येथे आधार घेण्यात आला. एप्रिल २०१४ मध्ये एका रात्री इमारत पाडण्यात आली. सकाळी गावकऱ्यांना ढिगारा दिसला. त्यांनी बचाव समिती केली, वर्गणी व श्रमदानाने पुन्हा इमारत उभारली, आणि जूनमध्ये शाळा त्याच जागी भरली. आपल्याकडील श्रमदानाच्या काळाची आठवण व्हावी असेच ते दृश्य असले पाहिजे.

परंतु तेवढ्याने प्रश्न मिटला नाही. प्रकरण न्यायालयात व्यवस्थापकाच्या बाजूने लागले आणि जून २०१६ मध्ये शाळा बंद करावी लागली. दारात लोक उभे होते, पण हातात आदेश होता. मुलांचे वर्ग काही महिने चक्क जिल्हाधिकारी कचेरीच्या आवारात भरले. अखेर राज्य सरकारने त्याच कायद्यातील संपादनाच्या तरतुदीचा आधार घेऊन ही व अशाच आणखी तीन शाळा मोबदला देऊन ताब्यात घेतल्या. ज्या कायद्याच्या एका कलमाने शाळा बंद होत होती, त्याच कायद्याच्या दुसऱ्या कलमाने ती वाचली. लोकांनी दोन वर्षे शाळा धरून ठेवली नसती तर ते दुसरे कलम वापरण्यास काही उरलेच नसते. आणि नुसते धरून ठेवले असते, तर न्यायालयापुढे ते टिकले नसते.

सगळीकडे असा शेवट होत नाही. म्हैसूर येथील मुलींच्या एका जुन्या सरकारी कन्नड शाळेची जागा स्वामी विवेकानंदांच्या स्मारकासाठी देण्याचे ठरले, तेव्हा कन्नडप्रेमी नागरिकांनी व माजी विद्यार्थिनींनी अनेक वर्षे विरोध केला. निकाल त्यांच्या विरुद्ध गेला, शाळा शेजारच्या दुसऱ्या सरकारी शाळेत हलविली गेली आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये जुनी इमारत पाडण्यात आली. स्मारक ज्यांचे, ते सर्वांनाच पूज्य. म्हणूनच हा प्रसंग अधिक विचार करण्यासारखा आहे. शाळेची जागा मागणारे काम बहुधा चांगलेच असते.

या उदाहरणांतून आपल्या गावापुरते जे निघते ते असे की, विरोध कागदावर आणि वेळेवर नोंदला गेला तरच त्यास बळ येते. गाळ्यांचा पाया खणला गेल्यावर निघालेल्या मोर्चापेक्षा, प्रस्ताव पंचायत समितीत असतानाच शाळा व्यवस्थापन समितीने केलेला ठराव अधिक कामाचा असतो. या समितीत किमान पाऊणशे टक्के सभासद पालक असावेत असे २००९ च्या अधिनियमात आहे, त्यामुळे तिचा ठराव हा पालकांचाच आवाज ठरतो. त्यास ग्रामसभेच्या ठरावाची जोड द्यावी. हे ठराव वरिष्ठांस सर्वच बाबतींत बंधनकारक असतात असे नव्हे. पण पुढे कोणी ‘गावाची हरकत नव्हती’ असे लिहू लागला तर त्याची लेखणी अडते. सातबारावर फेरफार धरला गेला असेल तर त्याची नोटीस चावडीत लागते आणि पंधरा दिवसांत तलाठ्याकडे लेखी हरकत देता येते. ही नोटीस वाचणारा गावात मुख्याध्यापकाखेरीज कोण असणार?

शाळा गावठाणात असेल तर सातबारा मिळणार नाही. तेथे आजवर ग्रामपंचायतीच्या नमुना ८ वरील नोंद एवढाच आधार असे. २०२० पासून केंद्राच्या स्वामित्व योजनेखाली ड्रोनच्या साहाय्याने गावठाणांची मोजणी होऊन मिळकत पत्रिका दिल्या जात आहेत. या चौकशीच्या दिवशी आपल्या शाळेची हद्द दाखविण्यास कोणी उभे राहिले नाही, तर शेजाऱ्याने कुंपण जेथे सरकविले असेल तेथेच ती नकाशावर कायम होण्याचा संभव असतो. मोजणी होऊन गेली असेल तर मिळकत पत्रिकेची प्रत मागवून तीवरील क्षेत्र प्रत्यक्ष आवाराशी ताडून पाहावे. अंतर आढळल्यास गटशिक्षणाधिकाऱ्यांमार्फत भूमि अभिलेख कार्यालयाकडे हद्दकायम मोजणीचा अर्ज करावा, आणि मोजणी झाल्यावर ‘क’ प्रत शाळेच्या दप्तरात, हजेरीपटाच्याच कपाटात, कुलपाखाली ठेवावी.