अध्यक्षाची घंटा

सभा म्हटली की मतभेद आलेच. आणि मतभेद आले की अध्यक्षाची कसोटीही आलीच. शिक्षकांचे मंडळ असो, डॉक्टरांचे असो वा वकिलांचे, एकाच व्यवसायातील माणसे विचारविनिमयासाठी जमली म्हणजे प्रत्येकास आपलाच अनुभव मोलाचा वाटतो. म्हणून बोलण्यास मर्यादा घालाव्या लागतात. परंतु त्या कोठे ताणाव्यात आणि कोठे सैल सोडाव्यात?

काही वर्षांपूर्वी शिक्षकांच्या अशाच एका बैठकीस आम्ही हजर होतो. प्रत्येक वक्त्यास पाच मिनिटे, असा नियम होता. खेड्यातील एक वयोवृद्ध गुरुजी उठले. एकाच खोलीत चार इयत्ता कशा सांभाळाव्यात, हे त्यांना सांगावयाचे होते. बोलण्याची सवय नसल्याने प्रस्तावनेतच चार मिनिटे गेली. मुद्दा हाती येतो न येतो तोच घंटा वाजली. गुरुजी नमस्कार करून खाली बसले. पुढे मंडळाचे एक पदाधिकारी वीस मिनिटे बोलले. तेव्हा मात्र घंटा मुकी राहिली. त्यानंतर गुरुजी कोणत्याही बैठकीस दिसले नाहीत. नियमाने त्यांना दुखविले नव्हते. एकास एक न्याय व दुसऱ्यास दुसरा, याने दुखविले होते.

सभा आवरणे सोपे नाही, हे खरेच. १८६३ साली अमेरिकेतील न्यू बेडफर्ड शहरी हेन्री रॉबर्ट या तरुण लष्करी अभियंत्यावर एका चर्चमधील सभेचे अध्यक्षपद अकस्मात येऊन पडले. सभा त्याच्या हाताबाहेर गेली. सभेच्या नियमांचे थोडेबहुत ज्ञान झाल्यावाचून पुन्हा सभेस जावयाचे नाही, असा त्याने निश्चय केला. त्या अभ्यासातून १८७६ साली सभानियमांचे एक छोटे पुस्तक निघाले. त्याच्या सुधारलेल्या आवृत्त्या आजही अमेरिकेतील असंख्य संस्था वापरतात.

नवल असे की, नियमांच्या या पुस्तकात नियम बाजूस ठेवण्याचीही रीत सांगितली आहे. कोणाची हरकत नसेल, तर अध्यक्षाने तसे विचारून काम पुढे न्यावे. हरकत निघालीच, तर दोन-तृतीयांश मतांनी वक्त्याची वेळ वाढविता येते. मात्र या सवलतीस कुंपण आहे. गैरहजर सभासदांच्या रक्षणासाठी केलेला नियम, उदाहरणार्थ आगाऊ सूचना देण्याचा, हजर असलेल्यांनी एकमताने ठरविले तरी मोडता येत नाही. आपल्या सोयीचा नियम आपण सैल करावा. दुसऱ्याच्या संरक्षणाचा करू नये. सारे मर्म येथेच आहे.

आपल्या लोकसभेच्या नियमावलीतही ३८८ व्या नियमाने, अध्यक्षांच्या संमतीने प्रस्ताव आणून, एखादा नियम तात्पुरता स्थगित करता येतो. तथापि अध्यक्षांचा विवेकही प्रश्नातीत नाही. वडोद्यास जन्मलेले ग. वा. मावळणकर हे लोकसभेचे पहिले अध्यक्ष. १८ डिसेंबर १९५४ रोजी त्यांना दूर करण्याचा ठराव सभागृहापुढे आला. तो फेटाळला गेला. परंतु असा ठराव विचाराधीन असताना अध्यक्षांनी त्या बैठकीचे अध्यक्षस्थान घ्यावयाचे नाही, असे संविधानाच्या ९६ व्या अनुच्छेदाने बजावले आहे. सर्वांना नियम लावणाराही नियमाखालीच असतो.

वाचकहो, त्या बैठकीची आठवण झाली की आम्ही अध्यक्षांस दोष देतो; मग थांबतो. "गुरुजींना आणखी पाच मिनिटे द्यावीत," एवढे एक वाक्य आमच्यापैकी कोणीही उठून म्हणू शकला असता. कोणाचीही हरकत निघाली नसती. घंटा अध्यक्षांच्या हाती होती, पण जीभ तर आमचीच होती. चार इयत्तांची ती युक्ती मात्र आम्हांस अखेरपर्यंत कळली नाही.