स्पीकर गप्प झाला? आधी भिंतीकडे पाहा



गेल्या हिवाळ्यात एका रविवारी सकाळी दारावर थाप पडली. पाहतो तर आमच्याच इमारतीतल्या, वरच्या मजल्यावर राहणाऱ्या ताई. वय 81. म्हणाल्या, "भाऊ, माझा स्पीकर मेला हो! शुक्रवारपर्यंत चांगला चालत होता. आज दिवासुद्धा लागत नाही. साडेदहाला ठाण्याहून धाकटीचा फोन येणार."

ताईंना डाव्या कानाने जवळजवळ ऐकू येत नाही. मोबाईलचा आवाज त्यांना पुरत नाही, म्हणून मुलाने कॉम्प्युटरला दोन छोटे स्पीकर जोडून दिले आहेत. दर रविवारी इथले साडेदहा, तिकडचे दुपारचे दोन वाजले की दोघी बहिणी पडद्यासमोर बसतात. प्रत्यक्ष भेट होऊन बरीच वर्षे झाली. पुन्हा होईल की नाही, कोणास ठाऊक. तेव्हा हा आठवड्यातला एक तास म्हणजे त्यांचा सण.

मुलाला फोन केला तर तो म्हणाला, "इमा, जुना झाला, टाकून दे. नवीन मागवतो." पण नवीन यायला चार दिवस लागणार. आणि ताईंच्या मनाला दुसरेच लागले होते. "मीच काहीतरी भलतं दाबलं असेल," असे त्या पुनःपुन्हा म्हणत होत्या.

मी मुंबईत बरीच वर्षे टेलिफोनच्या दुरुस्तीचे काम केले. त्या कामात एक गोष्ट अंगी मुरली. बिघाड शोधायचा तो यंत्रापासून नव्हे, वीज जिथून येते तिथून. वर गेल्यावर मी स्पीकरला हातच लावला नाही. भिंतीवर पाहिले. स्पीकरचा प्लग शब्बाथच्या घड्याळात, म्हणजे आपल्या शऊन शब्बातमध्ये खोवलेला होता. शब्बाथला नातू आला होता, त्याने आपला चार्जर लावायला जागा केली आणि जाताना प्लग भलत्याच ठिकाणी बसवला. घड्याळाने आपल्या वेळेला वीज बंद केली. स्पीकर धडधाकट होता! प्लग बदलला, हिरवा दिवा लागला आणि साडेदहाला धाकटीचा आवाज खोलीभर घुमला.

प्रत्येकाचा बिघाड इतका सोपा नसेल. पण 'मेलेल्या' स्पीकरांपैकी अनेक मेलेले नसतात, वाटेत कुठेतरी वीज अडलेली असते. म्हणून नवीन घेण्यापूर्वी, आणि स्वतःला दोष देण्यापूर्वी, ही वाट कशी तपासायची ते सांगतो.

आधी एक प्रश्न: दिवा लागतो का?

स्पीकरवर बहुधा एक बारीक दिवा असतो. दिवा लागतो पण आवाज नाही, तर वीज पोचते आहे. मग कॉम्प्युटरचा आवाज बंद आहे का, स्पीकरचे बटण शून्यावर आहे का, गोल पिन अर्धवट निघाली आहे का, हे पाहावे. दिवाच लागत नसेल तर वीज पोचत नाही असे समजून पुढे वाचा.

आणखी एक. अशा जोडीतल्या दोन स्पीकरांपैकी एकातच सगळी यंत्रणा असते. दुसरा नुसता वायरीने त्याला जोडलेला असतो. दिवा आणि बटण असलेला तो मुख्य. तपासणी त्याचीच करायची.

पायरी पहिली: भिंत

नळाला पाणी आले नाही तर आपण आधी टाकी पाहतो. तसेच इथे. भिंतीतल्या शेकातून, म्हणजे सॉकेटमधून, स्पीकरचा प्लग काढा आणि तिथे टेबलावरचा दिवा लावून बघा. दिवा लागला नाही तर दोष स्पीकरचा नाही.

मग हे पाहा: प्लग शब्बाथच्या घड्याळात आहे का? असेल तर घड्याळाच्या कडेला एक छोटी कळ असते. ती 'कायम चालू' वर सरकवा किंवा प्लग सरळ भिंतीत लावा. लक्षात असू द्या की वीज गेली की चक्रीचे घड्याळ तेवढा वेळ थांबते आणि नंतर मागे पडते. मार्चअखेर व ऑक्टोबरअखेर वेळ बदलते, तेव्हाही ते आपोआप बदलत नाही.

प्लग अनेक तोंडांच्या पट्टीत, म्हणजे मफत्सेलमध्ये असेल तर तिचे लाल बटण चालू आहे का ते पाहा. झाडताना, पाय लागून ते बंद होते. पट्टी सोडून सरळ भिंतीत लावून बघितले की शंका मिटते.

घराच्या लुआख खश्मालमध्ये, म्हणजे विजेच्या फळीवर, एखादी कळ खाली पडली आहे का तेही पाहा. तिथे 'पखात' नावाची कळ असते. घरातल्या पखातला साधारण 30 मिलिअँपिअर वीज वाटेत गळते असे कळले की ती लगेच पुरवठा तोडते. तिच्यामुळे माणसाचा जीव वाचतो. स्पीकर लावल्यावरच ती पडत असेल तर तो स्पीकर पुन्हा लावू नका. "एकदा बघू तरी" असे म्हणून दुसऱ्यांदा लावू नका.

पायरी दुसरी: प्लग आणि वायर

भारतातून येताना आपण बरेच सामान आणतो. भारतात आणि इथे विजेचा दाब सारखाच, 230 व्होल्ट आणि 50 हर्ट्झ, त्यामुळे तिकडचा स्पीकर इथे चालतो. अडचण प्लगची. भारतातल्या तीन जाड गोल पिना इथल्या शेकात बसत नाहीत. मधे जोडणारा तुकडा लावावा लागतो आणि तो सैल झाला की वीज येते-जाते. प्लग हाताने हलतो का, कडेला काळा डाग किंवा जळका वास आहे का, ते पाहा. असेल तर तो तुकडा टाकून द्या.

अमेरिकेतून मुलाने किंवा नातवाने आणलेल्या स्पीकरची गोष्ट वेगळी. तिकडे दाब 120 व्होल्ट. अडॅप्टरवर 'इनपुट' या शब्दापुढे 100 ते 240 लिहिले असेल तर चिंता नाही. नुसते 120 लिहिले असेल आणि तो इथल्या भिंतीत लावला गेला असेल, तर तो बहुधा जळलाच.

वायर मधोमध क्वचित तुटते. ती तुटते मानेशी, म्हणजे जिथे ती अडॅप्टरमधून बाहेर पडते किंवा स्पीकरमध्ये शिरते तिथे. अडॅप्टरपासून स्पीकरकडे जाणारी बारीक वायर त्या जागी हळूच हलवा. स्पीकरचा दिवा क्षणभर चमकून गेला तर दोष सापडला. भिंतीकडून येणारी जाड वायर मात्र चालू असताना हलवू नका. प्लग काढून ती नुसती नजरेने तपासा. तिला चीर दिसली तर चिकटपट्टी लावून भागवायचे नाही.

पायरी तिसरी: वीज देणारा डबा

बरेच स्पीकर भिंतीतली वीज सरळ घेत नाहीत. मधे एक काळा डबा असतो, तो अडॅप्टर. तो 230 व्होल्टचे 9 किंवा 12 व्होल्ट करून देतो. बहुतेक वेळा स्पीकरच्या आधी हाच जातो.

लोक विचारतात, "काल रात्रीपर्यंत चालत होता, सकाळी एकाएकी कसा गेला?" त्याचे कारण असे. डब्यात कपॅसिटर नावाचे छोटे नळकांड्यासारखे भाग असतात आणि त्यांच्या पोटात ओलसर द्रव असतो. तो उष्णतेने वर्षानुवर्षे सुकत जातो. आमच्या नेगेवच्या उन्हाळ्यात तर लवकरच. सुकत चाललेला डबा चालू असेपर्यंत कसाबसा चालतो, पण एकदा बंद झाला की पुन्हा उठण्याचे बळ त्याच्यात उरत नाही. म्हणून वीज जाऊन आली, किंवा कुणी सफाईसाठी प्लग काढून परत लावला, की त्याच वेळी तो संपलेला आढळतो. झाडणाऱ्याचा दोष नाही आणि तुमचाही नाही.

डबा जुन्या जड घडणीचा असेल तर भिंतीत लावल्यावर अर्ध्या तासात कोमट होतो. अगदी थंडगार राहिला तर तो गेला असे समजा. हलका, नव्या प्रकारचा डबा थंड राहू शकतो, त्यामुळे ती परीक्षा त्याला लागू नाही. पण आतून टिक टिक आवाज येत असेल किंवा स्पीकरचा दिवा लुकलुकत असेल तर संशय त्याच्यावरच घ्यावा.

नवा डबा घेताना जुना दुकानात घेऊन जा आणि चार गोष्टी जुळवून घ्या. 'आउटपुट' पुढचे व्होल्ट तेवढेच हवेत. अँपिअर तेवढे किंवा जास्त चालतील, कमी चालणार नाहीत. 'ए.सी.' की 'डी.सी.' ते जुन्यासारखेच असावे. टोकाची पिन त्याच मापाची, आणि तिच्यातले अधिक-उणे दाखवणारे चित्र तेच हवे. घरात पडलेला, पिन बसते एवढ्यावरून दुसऱ्याच यंत्राचा डबा लावणे हा चांगला स्पीकर जाळण्याचा हमखास मार्ग आहे.

यू.एस.बी. वर चालणारे स्पीकर

काही स्पीकरना डबा नसतो. चपटी यू.एस.बी. वायर कॉम्प्युटरमध्ये खोवली की त्यांना 5 व्होल्ट मिळतात. कॉम्प्युटर झोपला की काही ठिकाणी हा पुरवठाही बंद होतो. कॉम्प्युटर जागा करा, वायर दुसऱ्या खाचेत लावा. एकाच जोडपट्टीवर चार वस्तू लावल्या असतील तर बाकीच्या काढा. तरीही दिवा नाही, तर ती चपटी वायर मोबाईलच्या चार्जरला लावून बघा. तिथे दिवा लागला तर स्पीकर चांगला आहे, दोष कॉम्प्युटरच्या खाचेचा.

पायरी चौथी: स्पीकर स्वतः

आवाजाचे गोल बटण काही स्पीकरांत चालू-बंदही करते. ते उलटे पूर्ण फिरवले की 'टक्' असा आवाज होऊन वीज तुटते. पुसताना फडका लागून असे होते. काहींच्या मागच्या बाजूला वेगळी कळ असते. आणि काही नवे स्पीकर बराच वेळ आवाज नसेल तर स्वतःच झोपतात. बटण एकदा दाबले की उठतात.

हे सारे करूनही दिवा नाही, तर आत बिघाड आहे. इथे आपले काम संपले. ज्या स्पीकरची वायर डबा न लावता सरळ भिंतीत जाते, तो कधीही उघडू नका. प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये काही वेळ वीज साठून राहते आणि तिचा झटका बसू शकतो. आतला फ्यूज उडाला असेल तर त्याच्या जागी चांदीचा कागद किंवा तार घालणे म्हणजे आगीला आमंत्रण. आणि भिंतीतल्या शेकाची दुरुस्ती परवाना असलेल्या खश्मलाईकडूनच करून घ्यावी. इस्राएलमध्ये तसा कायदाच आहे.

धूर निघाला तर हात लावण्याआधी फळीवरची मुख्य कळ खाली करा. आग असेल तर 102 वर फोन करा, कुणाला झटका बसला असेल तर 101 वर.

तोपर्यंत आवाज कसा ऐकायचा?

स्पीकर बंद पडला म्हणजे गाठभेट बंद पडली असे नाही. स्पीकरची गोल पिन काढून त्याच भोकात साधे वायरीचे इयरफोन लावा. त्यांना वेगळी वीज लागत नाही. दोन्ही कानांवर बसणारे मोठे घेतले तर ऐकू कमी येणाऱ्यांना ते स्पीकरपेक्षाही बरे वाटतात. ताईंच्या टेबलाच्या खणात आता एक जोडी ठेवलेली आहे.

मुलाला किंवा नातवाला फोन करण्यापूर्वी एका कागदावर तीन गोष्टी लिहून घ्या: स्पीकरवरचा दिवा लागतो का, त्याच शेकात दुसरी वस्तू चालते का, आणि अडॅप्टरवर 'आउटपुट' पुढे काय लिहिले आहे. अक्षरे फार बारीक असतात, मोबाईलने फोटो काढून मोठा करून वाचा. एवढे सांगितले तर तो बेर्शेवात असो की न्यू यॉर्कमध्ये, "टाकून दे" न म्हणता नेमके काय करायचे ते सांगू शकेल.

ताईंनी हा कागद कॉम्प्युटरशेजारी भिंतीवर चिकटवला आहे. त्याच्या खाली त्यांनी स्वतःच्या हाताने आणखी एक ओळ लिहिली आहे: 'आधी घड्याळ बघ.'