रेल्वे थांबते, तेथून पुढे सेमाडोह

मुंबईहून रात्री सुटणारी अमरावती एक्स्प्रेस दुसऱ्या दिवशी सकाळी प्रवाशांना थेट अमरावती शहरात आणून सोडते. येथवरचा प्रवास सोपा आहे. मेळघाटच्या सहलीचा खरा प्रश्न त्यानंतर उभा राहतो. सिपना नदीच्या काठी वसलेले सेमाडोह अमरावतीपासून सुमारे शंभर किलोमीटर दूर आहे आणि अमरावतीहून मेळघाटात जाणारी रेल्वे नाही. रेल्वेचे आरक्षण झाले म्हणजे सहलीची तयारी झाली, अशा समजुतीत निघालेल्या कुटुंबाचा अर्धा दिवस परतवाड्याच्या बसस्थानकावर जाऊ शकतो. म्हणूनच या सहलीचा बेत शेवटच्या टप्प्यापासून मागे येत आखणे शहाणपणाचे ठरते.

हा शेवटचा टप्पा रेल्वेविना का राहिला, यामागे वऱ्हाडचा दीड शतकाचा इतिहास आहे. तो जाणून घेतला, तर प्रवासातील गैरसोयीचा अर्थही उमगतो.

कापसासाठी आलेली रेल्वे

मुंबईहून निघालेला लोहमार्ग १८६७ मध्ये नागपूरला पोहोचला. अकोला, मूर्तिजापूर, बडनेरा ही स्थानके याच मार्गावरील. वऱ्हाडचा कापूस मुंबई बंदरात आणि तेथून इंग्लंडच्या गिरण्यांत पोहोचावा, हा त्यामागील मुख्य हेतू होता. अमरावती शहर मुख्य मार्गापासून थोडे बाजूला पडल्याने बडनेऱ्याहून तेथवर स्वतंत्र फाटा नेण्यात आला. आजही मुंबई-हावडा मार्गावरील अनेक गाड्या बडनेऱ्याला थांबतात आणि तेथून अमरावती अवघ्या दहा किलोमीटरवर आहे.

विसाव्या शतकाच्या प्रारंभी मूर्तिजापूरहून यवतमाळ आणि अचलपूर अशा दोन दिशांना अरुंद रूळमार्ग टाकण्यात आले. हीच वऱ्हाडवासीयांची ‘शकुंतला’. तिची एकूण लांबी सुमारे १९० किलोमीटर. किलिक निक्सन या ब्रिटिश व्यवसायसंस्थेशी निगडित खासगी कंपनीच्या मालकीचा हा मार्ग रेल्वेच्या राष्ट्रीयीकरणानंतरही त्या कंपनीकडेच राहिला, ही त्याची आगळी ओळख. १९२१ मधील मँचेस्टर बनावटीचे वाफेचे इंजिन १९९४ पर्यंत ही गाडी ओढत होते. नंतर डिझेल इंजिन आले. मात्र मार्गाची डागडुजी होत नव्हती, वेग मंदावत गेला आणि २०२० पूर्वीच दोन्ही शाखांवरील प्रवासी वाहतूक थांबली. शकुंतला धावत असताना मेळघाटच्या पायथ्याशी असलेल्या अचलपूरपर्यंत रेल्वेने जाता येत होते. आता तेथे पोहोचण्यास रस्त्याखेरीज मार्ग नाही.

वाघासाठी वळलेला मार्ग

दुसरी कथा अकोला-खंडवा मार्गाची. अकोटमार्गे सातपुडा ओलांडणारा हा मीटरगेज मार्ग थेट मेळघाटच्या जंगलातून जात असे. धूळघाटाजवळ चढ कमी करण्यासाठी रूळ गोल वळसा घेत आपल्याच मार्गावरून पुढे सरकत. जयपूरहून काचीगुड्याकडे जाणारी मीनाक्षी एक्स्प्रेस एके काळी याच मार्गाने धावे. २०१७ च्या प्रारंभी अकोला-अकोट वाहतूक रुंदीकरणासाठी बंद झाली आणि २०२२ मध्ये अकोटपर्यंत ब्रॉडगेज गाडी सुरू झाली. पुढचा प्रश्न मात्र गंभीर होता. जुन्याच मार्गाने रुंदीकरण केल्यास व्याघ्र प्रकल्पाच्या गाभ्यातून वेगवान गाड्या धावणार होत्या.

मेळघाट हा १९७३-७४ मध्ये देशातील पहिल्या नऊ व्याघ्र प्रकल्पांत समाविष्ट झालेला, महाराष्ट्रातील पहिला व्याघ्र प्रकल्प. वन्यजीव अभ्यासकांनी जुन्या मार्गाला विरोध केला. राज्य सरकारनेही २०२१ मध्ये मार्ग जंगलाबाहेरून न्यावा, अशी मागणी केंद्राकडे केली. अखेर बुलढाणा जिल्ह्यातील जळगाव जामोद परिसरातून जाणारा पर्यायी मार्ग पुढे आला. तो सुमारे तीस किलोमीटरने लांब असला, तरी रेल्वेचे तोंडही न पाहिलेल्या गावांना त्याचा लाभ होणार आहे. याची दुसरी बाजूही लक्षात घ्यावयास हवी. धूळघाट परिसरातील गावांना बाजार, दवाखाना आणि शिक्षण यांच्याशी जोडणारा स्वस्त दुवा तुटला. जंगलाची शांतता टिकावी म्हणून दिलेली ही किंमत आहे आणि ती प्रामुख्याने स्थानिकांनीच मोजली आहे.

अचलपूरचा मुक्काम

सेमाडोहला जाताना परतवाडा-अचलपूर या जोडगावांत काही तास राखून ठेवावेत. अचलपूर म्हणजे जुने एलिचपूर, वऱ्हाडची एकेकाळची राजधानी. बहमनी सत्ता खिळखिळी झाल्यावर १४९० मध्ये फतहुल्ला इमाद-उल-मुल्क याने येथे इमादशाहीची स्थापना केली. १५७४ मध्ये ती अहमदनगरच्या निजामशाहीत विलीन झाली. शहराचा परकोट, दरवाजे आणि गावाबाहेरील हौजकटोरा ही जुन्या वैभवाची चिन्हे आजही पाहता येतात. शेजारचे परतवाडा इंग्रजांच्या छावणीभोवती वाढले. मेळघाटात शिरण्यापूर्वीची ही अखेरची मोठी बाजारपेठ असल्याने औषधे, रोख रक्कम आणि वाहनाचे इंधन यांची सोय येथेच करून घ्यावी.

याच डोंगररांगेत चिखलदऱ्यापासून दोन-तीन किलोमीटरवर गाविलगड आहे. बहमनी सुलतान अहमदशहा वली याने पंधराव्या शतकात बांधलेला हा किल्ला दुसऱ्या इंग्रज-मराठा युद्धात निर्णायक ठरला. डिसेंबर १८०३ मध्ये आर्थर वेलस्ली याने दक्षिणेकडून मोर्चा धरला आणि कर्नल स्टीव्हन्सन याला उत्तरेच्या बाजूने पाठवले. स्टीव्हन्सनच्या सैन्याला डोंगरातून स्वतः वाट काढत जड तोफा जवळजवळ तीस मैल ओढून न्याव्या लागल्या. १५ डिसेंबरला गड पडला, किल्लेदार बेनीसिंग मारला गेला आणि दोनच दिवसांनी नागपूरकर भोसल्यांना देवगावचा तह करावा लागला. वेलस्ली पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला आणि १८१५ मध्ये वॉटर्लूच्या रणांगणावर त्याने नेपोलियनचा पराभव केला. पॅरिस, ब्रसेल्सची रेल्वेसहल आखणारे अनेक मराठी पर्यटक वॉटर्लूला आवर्जून जातात. त्या सेनापतीने जिंकलेला वऱ्हाडातील गड मात्र त्यांच्यातील थोड्यांनीच पाहिलेला असतो.

बेत कसा आखावा?

पहिले काम सेमाडोहच्या निवासाचे. येथील वनविभागाच्या पर्यटन संकुलात खोल्या मोजक्याच आहेत. हिवाळ्यात आणि सुटीच्या दिवसांत त्या लवकर भरतात. वनविभागाच्या संकेतस्थळावरून निवास आणि सफारी यांच्या तारखा निश्चित झाल्यावरच रेल्वेचे आरक्षण करावे. नोव्हेंबर २०२४ पासून रेल्वेचे आगाऊ आरक्षण १२० ऐवजी ६० दिवस आधी सुरू होते, हेही ध्यानात ठेवावे. निवास न मिळाल्यास सेमाडोहपासून सुमारे पंधरा किलोमीटरवरील कोलकास किंवा पंचवीस-तीस किलोमीटरवरील चिखलदरा हे पर्याय आहेत.

दुसरे काम ऋतू निवडण्याचे. पावसाळ्यात चिखलदऱ्याचे धबधबे आणि धुके पाहण्यास गर्दी लोटते; परंतु जंगलाच्या गाभ्यातील सफारी त्या काळात साधारणतः बंद असते. वन्यजीव पाहण्यासाठी उन्हाळा उपयुक्त. पानगळ झालेली असते आणि प्राणी पाणवठ्यांवर येतात. चालणे, पक्षिनिरीक्षण आणि किल्ला यांसाठी नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ सुखाचा. १८८४ नंतर शतकाहून अधिक काळ नामशेष मानला गेलेला रानपिंगळा १९९७ मध्ये नंदुरबारच्या शहाद्याजवळ पुन्हा आढळला. या पक्ष्याच्या अस्तित्वाच्या दृष्टीने मेळघाटचे सागवनी जंगल आज अत्यंत महत्त्वाचे मानले जाते. कोरकू भाषेत ‘सिपना’ म्हणजे सागवान. नदीचे नाव जंगलावरूनच आलेले आहे.

तिसरे काम शेवटच्या शंभर किलोमीटरांचे. अमरावतीहून परतवाड्यापर्यंतच्या सुमारे पन्नास किलोमीटरांसाठी एसटीच्या गाड्या भरपूर आहेत. परतवाड्याहून घटांगमार्गे सेमाडोहला जाणारा उरलेला पन्नास किलोमीटरचा रस्ता घाटाचा आहे. धारणीकडे जाणाऱ्या गाड्या सेमाडोहवरून जातात. त्यांच्या वेळा स्थानकावर विचारून घ्याव्यात. अंधार पडण्यापूर्वी मुक्कामी पोहोचणे केव्हाही श्रेयस्कर. वाटेत भ्रमणध्वनीचा संपर्क तुटतो, म्हणून आरक्षणाच्या कागदी प्रती जवळ असाव्यात.

या सहलीस किमान तीन पूर्ण दिवस हवेत. पहिल्या दिवशी अमरावतीला उतरून अचलपूर पाहावे आणि सायंकाळपूर्वी सेमाडोह गाठावे. दुसऱ्या दिवशी सकाळी सफारी, दुपारी कोलकास आणि सिपनेचा काठ. तिसऱ्या दिवशी पहाटे निघून गाविलगड पाहावा आणि संध्याकाळच्या मुंबई गाडीसाठी अमरावतीस परतावे. चिखलदऱ्याहून अमरावतीस येण्यास तीन तास लागतील, असे धरून वर एक तास हाताशी ठेवावा. गड निवांत पाहावयाचा असेल, तर चिखलदऱ्याला एक मुक्काम वाढवणेच योग्य.

धारणीच्या एसटीत पर्यटकाच्या शेजारी बहुधा बाजारहाट करून परतणारी कोरकू बाई, दवाखान्यातून येणारा रुग्ण किंवा वसतिगृहातून घरी निघालेला विद्यार्थी बसलेला असतो. पर्यटकासाठी ही बस सहलीचा एक टप्पा असते, त्यांच्यासाठी ती एकमेव वाट असते. सामान आटोपशीर ठेवणे आणि जागा अडवून न बसणे, एवढे भान पर्यटकाने राखावे. सेमाडोहच्या रात्रीच्या शांततेत या माणसांनी सोसलेल्या गैरसोयीचाही वाटा आहे.