जुन्या ट्रॅक्टरची दुरुस्ती : दोन बिघाड, दोन हिशेब

लखनौ जिल्ह्यातील मोहनलालगंज, बक्षी का तालाब यांसारख्या भागांत एप्रिलमध्ये गव्हाची कापणी आटोपली की मळणीयंत्राला जोडलेला ट्रॅक्टर एकाच जागी उभा राहून तासन्‌तास चालतो. पारा ४० अंशांच्या आसपास, हवेत भुसा आणि ट्रॅक्टर पंधरा-वीस वर्षांचा. तापमानाचा काटा लाल पट्ट्यात गेला की मळणी थांबते. मेकॅनिकला लगेच निरोप जातो. त्याच ट्रॅक्टरचे स्टिअरिंग बरेच फिरवल्याखेरीज पुढची चाके वळत नाहीत, ही तक्रार मात्र दोन-तीन हंगाम तशीच चालू असते. एका बिघाडाची तातडी आणि दुसऱ्याकडे होणारे दुर्लक्ष यांमागे निव्वळ आळस नसून निश्चित आर्थिक कारण आहे.

प्रथम इंजिन तापण्याचा विचार करू. डिझेलच्या ज्वलनातून मिळणाऱ्या उष्णतेपैकी ढोबळमानाने एक-तृतीयांश भागच प्रत्यक्ष कामी येतो. उरलेली उष्णता धुरावाटे आणि थंड करणाऱ्या पाण्यावाटे बाहेर टाकावी लागते. उभ्याने काम करणाऱ्या ट्रॅक्टरला वाऱ्याची मदत नसते आणि पंखा जी हवा खेचतो तीच भुशाने भरलेली असते. रेडिएटरच्या जाळीवर भुशाचा थर बसतो. आतल्या बाजूने दुसरा थर वाढत असतो : हातपंपाच्या किंवा बोअरच्या जड पाण्यातील कॅल्शियम व मॅग्नेशियमचे क्षार तापल्यावर वेगळे होऊन नळ्यांत साचतात. याखेरीज सैल झालेला पंख्याचा पट्टा, न उघडणारा थर्मोस्टॅट आणि गळका वॉटर पंप ही नेहमीची कारणे होत. त्यांवरील उपाय स्वस्त आहेत. तरीही केवळ पाणी ओतत काम रेटले, तर हेड गॅस्केट जाते, सिलिंडरचे हेड वाकते आणि शेवटी पिस्टन जाम होऊन इंजिन उघडावे लागते. (गरम रेडिएटरचे झाकण उघडू नये, हे ठाऊक असूनही मळणीच्या घाईत नेमके तेच केले जाते.) हा सारा भुर्दंड मालकाच्याच खिशातून जातो. त्यामुळे त्याला दुरुस्तीची प्रेरणा आपोआप मिळते.

स्टिअरिंगचे तसे नाही. जुन्या ट्रॅक्टरमध्ये चालकाच्या हातातील चाकापासून जमिनीवरील चाकापर्यंत स्टिअरिंग बॉक्स, दांडे, टाय रॉडचे बॉल जॉइंट, किंग पिन व त्याचे बुश आणि चाकाचे बेअरिंग अशी साखळी असते. प्रत्येक सांध्यात किंचित झीज होते आणि या सर्वांची बेरीज म्हणजे चालकाला जाणवणारा ‘प्ले’. झीज इतकी सावकाश होते की चालकाचा हात तिला सरावतो. शेतात तिचा उपद्रवही फारसा नसतो. तोच ट्रॅक्टर ऊस किंवा बटाट्याने भरलेली ट्रॉली ओढत महामार्गावर आला की धोका चालकापुरता न राहता सायकलस्वार आणि पादचारी यांच्यावरही येतो. अर्थशास्त्रात यालाच नकारात्मक बाह्य परिणाम म्हणतात. निर्णय एकाचा आणि किंमत दुसऱ्याची, अशी स्थिती असली की आवश्यक तेवढा खर्च होत नाही. विमाही येथे अपुरा पडतो. मोटार वाहन अधिनियम, १९८८ नुसार त्रयस्थ-पक्ष विमा अनिवार्य आहे. पण त्याचा हप्ता वाहनाच्या वर्गानुसार ठरतो, स्टिअरिंगच्या अवस्थेनुसार नव्हे. शेतीच्या ट्रॅक्टरची नोंदणी १५ वर्षांसाठी असते. त्या काळात तपासणी मालकाच्या विवेकावरच अवलंबून राहते.

मग जुना ट्रॅक्टर विकून नवा का घेऊ नये? एक काल्पनिक उदाहरण घेऊ. नव्या ट्रॅक्टरची किंमत ८ लाख रुपये, आयुष्य १० वर्षे आणि शेवटचे मूल्य १० टक्के धरल्यास वार्षिक घसारा ७२,००० रुपये होतो. सरासरी मूल्यावर १० टक्क्यांनी व्याज ४४,००० रुपये. म्हणजे वर्षाचा स्थिर खर्च १,१६,००० रुपये झाला. वर्षाला १,००० तास काम मिळाले तर तो ताशी ११६ रुपये पडतो. ३०० तासच मिळाले तर ताशी सुमारे ३८७ रुपये. २०१५-१६ च्या कृषी गणनेनुसार उत्तर प्रदेशातील सरासरी धारणक्षेत्र ०.७३ हेक्टर होते (महाराष्ट्रात १.३४ हेक्टर). एवढ्या शेतावर भाड्याची कामे घेतल्याशिवाय १,००० तास भरणे अशक्यच. उलट दीड लाख रुपये किमतीच्या जुन्या ट्रॅक्टरवर ४०,००० रुपये खर्चून तो चार वर्षे चालवला, तर दुरुस्तीचे वार्षिक १०,०००, व्याजाचे १५,००० आणि घटत्या मूल्याचे १२,००० असे ३७,००० रुपये होतात. ३०० तासांना ताशी सुमारे १२३ रुपये.

या हिशेबात जादा डिझेल धरलेले नाही. त्याहून महत्त्वाचे म्हणजे ऐन हंगामात बंद पडण्याची किंमत धरलेली नाही. गंगेच्या मैदानात नोव्हेंबरच्या मध्यानंतर गव्हाची पेरणी लांबली की दर दिवसामागे उत्पादन सुमारे एक टक्क्याने घटते. भाताच्या कापणीनंतर आठवडाभर ट्रॅक्टर मेकॅनिककडे पडून राहिला, तर दुरुस्तीतील बचतीचा मोठा भाग शेतातच नाहीसा होतो. म्हणून दुरुस्तीचा हंगाम हंगामापूर्वीचाच हवा. सुट्या भागांची उपलब्धता हा वेगळा प्रश्न आहे. पिंजोर येथे १९७१ पासून ट्रॅक्टर तयार करणारा एचएमटीचा विभाग बंद करण्यास केंद्रीय मंत्रिमंडळाने ऑक्टोबर २०१६ मध्ये मान्यता दिली. अशा बंद झालेल्या बनावटीचे ट्रॅक्टर वापरणाऱ्यांना जुने भाग किंवा लेथवर बनवून घेतलेले भाग यांचाच आधार असतो.

धोरणाचा कल दीर्घकाळ खरेदीकडे राहिला आहे. २०१४-१५ मध्ये सुरू झालेल्या कृषी यांत्रिकीकरण उपअभियानाचा भर यंत्रखरेदीस साहाय्य आणि भाड्याने यंत्रे देणारी केंद्रे यांवर आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून मात्र वस्तू व सेवा कराचा दर ट्रॅक्टरवर १२ वरून ५ टक्के, तर रेडिएटर, स्टिअरिंग व तत्सम भागांवर १८ वरून ५ टक्के झाला. भागांवरील कपात अधिक असल्याने सापेक्ष किमती दुरुस्तीच्या बाजूने झुकल्या. मेकॅनिकची मजुरी अर्थात या कपातीच्या बाहेर राहते.

पतपुरवठ्यातील एक तरतूद फारशी चर्चेत येत नाही. १९९८ मध्ये सुरू झालेल्या किसान क्रेडिट कार्ड योजनेच्या २०१२ मधील सुधारित स्वरूपात, पीककर्जाच्या मर्यादेवर २० टक्के रक्कम शेतीच्या साधनांची देखभाल व दुरुस्ती यांसाठी वाढवून मिळते. समजा, पीककर्जाचा दर हेक्टरी ८०,००० रुपये आहे. ०.७३ हेक्टरला ५८,४०० रुपये आणि त्यावर दुरुस्तीसाठी ११,६८० रुपये होतील. रेडिएटरची सफाई, पट्टा, पाण्याचे पाइप आणि स्टिअरिंगचे बॉल जॉइंट यांची कामे या रकमेत बसण्याजोगी आहेत. उघडलेले इंजिन तिच्यात बसणे कठीण.