उन्हाळ्यात प्रोसेसरचा ताप मोजताना

मे महिन्यात जालन्याचा पारा 42-43 अंशांवर जातो आणि कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानांत एकच तक्रार रांगेने येऊ लागते: "लई स्लो झालाय. विंडोज नवीन मारून द्या." नव्या जालन्यातल्या एका ओळखीच्या हार्डवेअरवाल्याकडे मी दुपारी बसलो होतो. अंबड तालुक्यातल्या एका सेवा केंद्राचा कॉम्प्युटर टेबलावर होता. केंद्र पत्र्याच्या गाळ्यात, आणि दाखल्यांचा हंगाम तोंडावर. दुकानदाराने विंडोजला हातच लावला नाही. आधी भिंतीवरच्या थर्मामीटरकडे पाहिलं: 39 अंश. मग मशीन चालू केली.

विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये प्रोसेसरचं तापमान दिसत नाही. त्यासाठी एचडब्ल्यूइन्फो किंवा कोअर टेम्प यांसारखं फुकट मिळणारं सॉफ्टवेअर लागतं. त्याने एचडब्ल्यूइन्फो 'सेन्सर्स ओन्ली' पर्याय निवडून उघडलं. आकड्यांची मोठी यादी आली. नवख्याने त्यात घाबरून जायचं कारण नाही, 'सीपीयू पॅकेज' ही एक ओळ धरायची. आत्ताचा, सर्वांत कमी, सर्वांत जास्त आणि सरासरी असे चार रकाने तिथे असतात.

मशीनमध्ये इंटेलचा आय3-10100 होता. चार कोअर, 65 वॅट, कमाल मर्यादा 100 अंश. काही काम न देता तो 61 वर होता. मग त्याच्यावर पूर्ण भार टाकला. मिनिटभरात आकडा 100 ला टेकला आणि तिथेच थांबला. थांबला, कारण प्रोसेसर स्वतःला जपतो. मर्यादा गाठली की तो वेग कमी करतो, म्हणजे उष्णताही कमी होते. याला थर्मल थ्रॉटलिंग म्हणतात. शेजारी उघडलेल्या टास्क मॅनेजरमध्ये वापर 100 टक्के दिसत होता, पण वेग 3.6 गिगाहर्ट्झच्या मूळ आकड्याखाली उतरला होता. वापर पूर्ण आणि वेग मूळ आकड्याहून कमी, ही जोडी दिसली की आधी तापाचा संशय घ्यावा. भार नसताना वेग कमी दिसला तर मात्र काळजी नको. ती वीज वाचवण्याची रीत आहे.

"आता उणे करा," तो म्हणाला. "खोली 39, मशीन 61. नुसती बसून बावीस अंशांनी वर आहे. एवढी नको."

सगळी गोम या वजाबाकीत आहे. पंखा आणि हीटसिंक (प्रोसेसरवर बसवलेला पात्यांचा धातूचा ठोकळा) प्रोसेसरची उष्णता खोलीतल्या हवेत सोडतात. हवाच 39 अंशांची असेल, तर कुठलाही पंखा प्रोसेसरला त्याखाली आणू शकत नाही. तोच भार आणि तोच पंखा असेल, तर फरक साधारण तेवढाच राहतो. खोली 20 अंशांची असताना पूर्ण भारावर 63 दाखवणारी मशीन 39 अंशांच्या खोलीत 82 दाखवेल, आणि दोन्ही वेळा ती धडधाकटच असेल. 'साठच्या वर धोका' असे सरसकट आकडे म्हणून जालन्यात उपयोगाचे नाहीत. फरक वाढला, तरच आत काहीतरी बिघडलंय.

बाजूचं झाकण काढल्यावर ते दिसलंच. हीटसिंकच्या पात्यांमध्ये धुळीचा जाड थर बसला होता. हवा जायला फटच नव्हती. एमआयडीसीतल्या रोलिंग मिलच्या ऑफिसांतून काळी धूळ येते, जिनिंगमधून कापसाचं तूस येतं, असं तो सांगत होता. मशीन त्याने दाराबाहेर नेली, पंख्याचं पातं बोटाने धरलं आणि मग ब्लोअर मारला. पातं मोकळं सोडलं तर हवेच्या झोताने ते भलत्या वेगाने फिरतं आणि पंखा खराब होऊ शकतो.

मग हीटसिंकच्या चारही पिना पाव वळसा फिरवून वर ओढल्या. खालची थर्मल पेस्ट वाळून पापडी झाली होती. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ कापडाने दोन्ही पृष्ठभाग लख्ख केले, मधोमध तुरीच्या दाण्याएवढी नवी पेस्ट ठेवली. जास्त लावून फायदा नाही; तिचं काम धातूंमधल्या बारीक फटी भरण्यापुरतंच. पिना समोरासमोरच्या कोपऱ्यांच्या क्रमाने दाबल्या. प्रत्येकीचा 'टक' आवाज ऐकला, मदरबोर्डच्या मागून टोकं बाहेर आलीत का तेही पाहिलं. एक पिन अर्धवट राहिली तरी हीटसिंक तिरका बसतो आणि सगळी मेहनत वाया जाते. शेवटी पंख्याची वायर 'सीपीयू फॅन' लिहिलेल्या जागी परत लावली.

पुन्हा मोजलं. खोली तीच 39. काम न देता 47, पूर्ण भारावर 82, आणि वेग मूळ आकड्याच्या वर. विंडोज जुनंच होतं.

घरी मशीन वापरतानाही थोडं पथ्य पाळावं. सीपीयूचा डबा टेबलाच्या बंद कप्प्यात किंवा भिंतीला चिकटवून ठेवू नये. जमिनीपासून वीतभर उंच ठेवला तर धूळ कमी ओढतो. डेझर्ट कूलरने खोली गार होते, पण त्याचा दमट झोत थेट मशीनवर नको. चालू करताना 'सीपीयू फॅन एरर' आलं, तर एफ1 दाबून पुढे जाऊ नका; पंखा बंद पडलेला असू शकतो. लॅपटॉप गादीवर ठेवला की खालची जाळी बुजते. बारीक लॅपटॉप पूर्ण भारावर नव्वदीत जातात, त्यांची तुलना मोठ्या मशीनशी करू नये.

आणि एक सवय लावून घ्या. गुढीपाडव्याच्या आधी मशीन साफ करा आणि कॅबिनेटवर एक चिठ्ठी चिकटवा: तारीख, खोलीचं तापमान, रिकामा आकडा, भाराचा आकडा. पुढे कधी मशीन रेंगाळली, तर फॉरमॅटचे पैसे देण्याआधी हे आकडे पुन्हा घेऊन चिठ्ठीशी ताडून पाहा.